जुन्या चिनी नोटांवरची चित्रं आणि चिन्हं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी चिनी नोट हातात आली की नजर आधी ड्रॅगनवर जाते. पण बहुतेक वेळा नोटेची खरी माहिती किनारीत, लाल शिक्क्यात आणि तळाच्या मजकुरात असते. कागदाच्या तुकड्यावर लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून ती छापणाऱ्याने कोणाची साक्ष काढली आहे, हा प्रश्न मनात ठेवून नोट पाहिली की तिच्यावरचं जवळजवळ प्रत्येक चित्र उलगडतं. खालची उत्तरं संग्राहकांसाठी आणि घरात अशी एखादी नोट सापडलेल्यांसाठी आहेत.

चीनमध्ये कागदी चलन कधी सुरू झालं? त्यावर सुरुवातीपासून चित्रं होती का?

सोंग काळात सिचुआन प्रांतात लोखंडी नाणी चालत. ती इतकी जड होती की मोठ्या खरेदीला गाडाभर नाणी न्यावी लागत. त्यामुळे चेंगदूचे व्यापारी पावत्या देऊ लागले. पुढे सरकारने हे काम आपल्याकडे घेतलं आणि 1024 साली पहिलं सरकारी कागदी चलन निघालं. त्याला जिआओझी म्हणतात. सोंगकालीन म्हणून निर्विवाद मान्य झालेली एकही नोट आज उपलब्ध नाही. काही ठसे दाखवले जातात, पण त्यांच्याबद्दल वाद आहेत. म्हणून ‘अस्सल जिआओझी’ म्हणून कोणी विकायला आणली तर तिथेच थांबावं.

मंगोल काळातल्या नोटा मात्र टिकल्या आहेत. कुब्लाई खानाने 1260 मध्ये एक मालिका काढली आणि 1287 मध्ये दुसरी. तुतीच्या सालीचा कागद आणि त्यावरचा शेंदरी शिक्का यांचं वर्णन मार्को पोलोने केलं आहे. त्या नोटांवर नाण्यांच्या माळांचं चित्र आहे, आणि 1287 च्या नोटांवर चिनी अक्षरांबरोबर मंगोल दरबाराची फाग्स-पा लिपीही आहे. सत्ता कोणाची आहे हे लिपीतून सांगण्याची ही रीत पुढे मांचूंनी, म्हणजे छिंग घराण्याने, आणि विसाव्या शतकातल्या सरकारांनीही चालू ठेवली.

मिंग काळातली मोठी करडी नोट खूप ठिकाणी दिसते. तिच्यावर नेमकं काय काय असतं?

तिचं नाव ‘महान मिंगांची सर्वत्र चालणारी मौल्यवान नोट’. मिंग घराण्याचा संस्थापक हुंगवू बादशहा याने ती 1375 मध्ये सुरू केली. एक ग्वानची, म्हणजे हजार नाण्यांच्या किमतीची, नोट साधारण 34 सेंटिमीटर उंच आणि 22 सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे आपल्या ए-फोर कागदापेक्षा मोठी. ती वरून खाली अशी पाहावी:

1. सगळ्यात वर आडव्या पट्टीत सहा मोठी अक्षरं, म्हणजे नोटेचं नाव. ती उजवीकडून डावीकडे वाचायची.
2. चारी बाजूंनी रुंद किनार, तिच्यात ड्रॅगन आणि वेलबुट्टी.
3. आतल्या चौकटीत वरच्या भागात किंमत: ‘एक ग्वान’.
4. किमतीच्या खाली नाण्यांच्या दहा माळा.
5. माळांच्या दोन्ही बाजूंना शिक्क्यांच्या जुन्या वळणाच्या लिपीत चार-चार अक्षरं. एकीकडे ‘महान मिंगांची मौल्यवान नोट’ आणि दुसरीकडे ‘आकाशाखाली सर्वत्र चालेल’.
6. खालच्या अर्ध्या भागात सरकारी मजकूर आणि शेवटी हुंगवू काळाचं नाव. वर्ष, महिना आणि दिवस यांच्या जागा कोऱ्या सोडलेल्या असतात.
7. समोर दोन चौकोनी लाल शिक्के. मागे एक शिक्का आणि किमतीचं पुन्हा छापलेलं चित्र.

खालचा मजकूर वाचून घेण्यासारखा आहे. ही नोट तांब्याच्या नाण्यांबरोबर चालेल. खोटी नोट करणाऱ्याचा शिरच्छेद होईल. त्याची खबर देणाऱ्याला किंवा त्याला पकडून देणाऱ्याला 250 ल्यांग चांदी आणि गुन्हेगाराची सगळी मालमत्ता मिळेल. ल्यांग म्हणजे सुमारे 37 ग्रॅम. नोटेचा दर्शनी मूल्याचा दर तेव्हा एक ग्वानला एक ल्यांग चांदी असा होता, म्हणजे एका नोटेवर अडीचशे नोटांच्या मोलाचं इनाम जाहीर केलेलं होतं. किनारीतला ड्रॅगन बादशहाचा अधिकार सांगतो, आणि हा मजकूर तो अधिकार कसा वापरला जाईल ते सांगतो. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय ही नोट कळत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. हुंगवूनंतरच्या बादशहांच्या काळातही नोटांवर नाव हुंगवूचंच राहिलं. त्यामुळे काळाच्या नावावरून नोट कोणत्या दशकातली हे ठरवता येत नाही. मजकुरात कोणत्या खात्याचं नाव आहे त्यावरून थोडी मदत होते. 1380 पूर्वीच्या नोटा केंद्रीय सचिवालयाच्या नावाने निघत. ते सचिवालय बरखास्त झाल्यावर महसूल मंत्रालयाचं नाव येऊ लागलं.

नाण्यांच्या माळा काढण्याचं कारण काय?

तांब्याच्या नाण्याला मध्ये चौकोनी भोक असे आणि नाणी दोरीत ओवून ठेवत. शंभर नाण्यांची एक माळ आणि अशा दहा माळा म्हणजे एक ग्वान. नोटेवर तेवढ्याच माळा काढलेल्या असतात: एक ग्वानवर दहा, पाचशे वेनवर, म्हणजे पाचशे नाण्यांच्या नोटेवर, पाच. अक्षरओळख नसलेला माणूसही माळा मोजून किंमत सांगू शके.

पण या चित्रात एक आश्वासनही होतं, आणि मिंग सरकारने ते पाळलं नाही. नोट सरकारी खजिन्यात देऊन तेवढी नाणी किंवा चांदी परत मिळण्याची सोय नव्हती. छपाई चालूच राहिली आणि पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत नोटेची किंमत जवळजवळ संपली. चित्रात माळा पूर्ण दहा राहिल्या, बाजारात मात्र त्या नोटेला मूठभर नाणीसुद्धा येईनात.

ड्रॅगन दिसला म्हणजे नोट बादशाही काळातली, असं समजायचं का?

नाही. ड्रॅगन हे बादशहाचं चिन्ह होतं आणि पाच नखांचा ड्रॅगन खास दरबाराचा मानला जाई, हे खरं. पण बादशाही 1912 मध्ये संपल्यानंतरही ड्रॅगन नोटांवर येत राहिला. जपानच्या ताब्यातल्या उत्तर चीनमध्ये 1938 मध्ये निघालेल्या नोटांवरही तो आहे. शिवाय ठोकळ्याच्या छपाईत बारीक रेषा पुसट होतात, म्हणून नखं मोजून काळ ठरवण्याच्या फंदात पडू नये. काळ ठरवायला बँकेचं नाव आणि वर्ष पाहावं.

1853 च्या निळ्या नोटा कोणत्या?

या छिंग घराण्याच्या, शियानफेंग बादशहाच्या काळातल्या. ताइपिंग बंडाने दक्षिणेचा मोठा मुलूख हातचा गेला, लष्कराचा खर्च वाढला आणि खजिना रिकामा झाला. तेव्हा 1853 मध्ये दोन प्रकारच्या नोटा निघाल्या. एक तांब्याच्या नाण्यांच्या हिशेबातली आणि दुसरी चांदीच्या ल्यांगमधली, महसूल मंत्रालयाची.

दोन्हींची चौकट निळी असते. वर ड्रॅगन आणि खाली लाटा, अशी मांडणी छिंग दरबाराच्या पोशाखांवरही असे: वर आकाश, खाली समुद्र, मध्ये बादशहाचं राज्य. चांदीच्या नोटेवर शीर्षक चिनी आणि मांचू अशा दोन लिपींत आहे.

तांब्याच्या नोटांच्या क्रमांकाची पद्धत फार सुंदर आहे. ‘सहस्राक्षरी’ नावाचं एक जुनं बालपाठाचं काव्य आहे. त्यात हजार अक्षरं आहेत आणि एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. प्रत्येक मालिकेला त्यातलं एक अक्षर देत आणि त्यापुढे आकडा घालत. शाळेत गेलेल्या कोणालाही तो क्रम पाठ असे, म्हणून चुकीचा क्रम लगेच लक्षात येई. बनावट नोट करणारे बहुधा इथेच फसतात. ते एकाच नोटेवरून अनेक प्रती काढतात आणि सगळ्यांवर तेच अक्षर, तोच आकडा आणि शिक्के त्याच ठिकाणी येतात.

सराफी पेढ्यांच्या नोटांवर इतकी गर्दी का असते?

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला चीनमधल्या शहरांत, अगदी लहान बाजारपेठांतही, पेढ्या स्वतःच्या नोटा काढत. आपल्याकडच्या हुंडीसारखीच त्यांची भिस्त पेढीच्या नावावर होती. सरकारी ड्रॅगनचा धाक त्यांच्यामागे नव्हता, म्हणून त्यांनी दोन उपाय केले आणि दोन्ही चित्रांत दिसतात.

पहिला उपाय म्हणजे शुभचिन्हं. आठ सिद्धपुरुष, तीन पायांच्या बेडकाला नाण्यांच्या दोरीने खेळवणारा लिऊ हाय, जो धनलाभाचा देव मानला जातो, सुख, पद आणि दीर्घायुष्य यांचे तीन देव, दीर्घायुष्याची पीच फळं, आणि वटवाघूळ. वटवाघळाचं मराठी वाचकाला नवल वाटतं. चिनी भाषेत वटवाघूळ आणि सुखसमृद्धी या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘फू’ असा होतो, म्हणून वटवाघूळ शुभ. पाच वटवाघळं एकत्र दिसली तर ती दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचार आणि शांतपणे येणारा मृत्यू अशी पाच सुखं असतात. मातृपितृभक्तीच्या चोवीस गोष्टींतले प्रसंगही किनारीत येतात. आईवडिलांशी प्रामाणिक असलेला माणूस ठेवीदारांशीही प्रामाणिक राहील, असा त्यातला संदेश.

दुसरा उपाय म्हणजे किनारीतला बारीक मजकूर. नुसती नक्षी वाटणाऱ्या रेघा भिंगातून पाहिल्या तर त्या अक्षरांच्या ओळी निघतात. चौथ्या शतकातल्या वांग शी-चची ‘ऑर्किड मंडपाची प्रस्तावना’ किंवा अकराव्या शतकातल्या सू शीचं ‘लाल कड्या’वरचं गद्यकाव्य अशा प्रसिद्ध रचना तिथे शेकडो अक्षरांत कोरलेल्या असतात. एवढं बारीक कोरणं कठीण, आणि नकलाकाराचं एखादं अक्षर चुकलं तर ज्याला तो मजकूर पाठ आहे तो ते पकडणार. आजच्या नोटांवरच्या सूक्ष्म अक्षरांचं काम तेव्हा या ओळी करत.

याशिवाय अनेक नोटांच्या एका कडेला अर्धवट कापलेली अक्षरं आणि अर्धा शिक्का दिसतो. ते छपाईचं वैगुण्य नाही. नोट आणि पेढीकडे राहणारी स्थळप्रत यांच्या सांध्यावर क्रमांक लिहून शिक्का मारत आणि मग कापत. नोट परत आली की दोन्ही अर्धे जुळवून पाहत. अशा नोटेची कडा ‘नीटनेटकी’ करायला कधीही कापू नये. तिचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा तिथेच असतो.

नोटेवर माणसाचा चेहरा कधी आला?

छिंग राजवटीच्या अगदी शेवटी. अमेरिकन बँक नोट कंपनीतला नामवंत कोरक लोरेन्झो हॅच याला बीजिंगच्या नव्या सरकारी छापखान्यात बोलावलं गेलं आणि तांब्या-पोलादाच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रांची छपाई तिथे सुरू झाली. ता-छिंग बँकेच्या नोटांसाठी आधी मुत्सद्दी ली हुंग-चांग आणि मग बालबादशहाचा बाप आणि राजप्रतिनिधी असलेला राजपुत्र चुन यांचे चेहरे आले. चुनच्या मालिकेतल्या 10 युआनच्या नोटेवर चीनची भिंत आहे. 1911 ची क्रांती झाली आणि ती मालिका चलनात आलीच नाही.

बादशहाचा चेहरा लोकांनी हाताळायच्या वस्तूवर छापणं हीच त्या दरबाराला न पटणारी गोष्ट होती. त्याआधीच्या अनेक शतकांच्या नोटांवर राज्यकर्त्याचा चेहरा नाही, त्याचं नाव आणि शिक्का आहे.

प्रजासत्ताक काळातल्या नोटांवर कोणाकोणाची चित्रं आहेत?

1912 मध्ये ता-छिंग बँकेचीच बँक ऑफ चायना झाली. तिच्या सुरुवातीच्या नोटांवर पुराणपुरुष ‘पीत सम्राट’ आहे. मांचू घराणं नुकतंच गेलं होतं, तेव्हा चीनमधल्या बहुसंख्य हान लोकांचा आदिपूर्वज मानला गेलेला पुरुष नोटेवर आणणं ही उघड राजकीय निवड होती. मग 1914 च्या सुमारास राष्ट्राध्यक्ष युआन श-काय आला. 1928 मध्ये शांघायला सेंट्रल बँक ऑफ चायना सुरू झाल्यावर प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत्-सेन यांचा चेहरा नोटांवर पक्का झाला, आणि पुढची वीस वर्षं सर्वाधिक तोच दिसतो.

मग इमारती कोणत्या?

तीन इमारती ओळखता आल्या तरी बरंच काम होतं.

तीन थरांच्या गोल छपराची वास्तू म्हणजे बीजिंगच्या स्वर्गमंदिरातला सुगीसाठी प्रार्थना करण्याचा मंडप. बादशहा इथे चांगल्या पिकासाठी प्रार्थना करी. बादशाही गेल्यावर तोच मंडप देशाचं चिन्ह म्हणून प्रजासत्ताकाने उचलला, साम्यवाद्यांनीही उचलला आणि जपानधार्जिण्या सरकारांनीही. त्यामुळे मंडपावरून नोट कोणत्या बाजूची हे सांगता येत नाही.

लांबलचक पायऱ्या आणि वर रुंद निळ्या छपराची इमारत म्हणजे नानजिंगची सन यत्-सेन यांची समाधी. त्यांचं शव तिथे 1929 मध्ये हलवलं. ही इमारत दिसली की नोट त्यानंतरची.

घड्याळाचा मनोरा असलेली पाश्चात्त्य धाटणीची इमारत बहुधा शांघायच्या नदीकाठचं जकातघर असते. आजचं जकातघर 1927 चं. बँक ऑफ कम्युनिकेशन्सच्या 1914 च्या 10 युआनवर त्याआधीचं जुनं जकातघर आहे. दोन्ही वेगळी आहेत, गल्लत करू नये.

बँक ऑफ कम्युनिकेशन्सच्या नोटांवर सारख्या आगगाड्या का?

ही बँक 1908 मध्ये दळणवळण मंत्रालयाखाली निघाली. रेल्वे, जहाजं, टपाल आणि तारखातं यांचा पैसा सांभाळणं हे तिचं काम. म्हणून डोंगरातून जाणारी गाडी, स्थानक आणि धक्क्याला लागलेलं जहाज. त्याच न्यायाने फार्मर्स बँकेच्या नोटांवर शेतीची कामं दिसतात. इथे चित्र म्हणजे सरळ बँकेच्या कामाची पाटी आहे, त्यापलीकडे खोल अर्थ शोधायची गरज नाही.

उभ्या नोटा कशासाठी होत्या?

1930 साल छापलेल्या, वर सन यत्-सेन आणि मागे शांघायचं जकातघर असलेल्या उभ्या नोटा ‘जकातीच्या सुवर्ण एकका’च्या आहेत. चांदीचा भाव पडत होता आणि परदेशी कर्जं सोन्यात फेडायची होती, म्हणून आयात जकात सोन्याच्या हिशेबात घ्यायचं ठरलं. त्यासाठी हे एकक आणि त्याच्या नोटा आल्या. 1942 मध्ये एका एककाला 20 साधे युआन असा दर बांधून त्या सर्रास व्यवहारात आणल्या. 1948 च्या महागाईत याच मालिकेत अडीच लाखांची नोट निघाली. चेहरा, इमारत आणि उभी ठेवण तीच, शून्यं तेवढी वाढली.

मागच्या बाजूला इंग्रजी का? आणि वरून छापलेली गावांची नावं?

बऱ्याच नोटा न्यूयॉर्कच्या अमेरिकन बँक नोट कंपनीत किंवा लंडनच्या थॉमस डी ला रू आणि वॉटरलो या छापखान्यांत छापल्या. शिवाय करारबंदरांत, म्हणजे करारांनी परदेशी व्यापाराला खुल्या केलेल्या बंदरांत, परदेशी व्यापारी होते. छापखान्याचं नाव बहुतेक वेळा तळाच्या कडेला अगदी बारीक असतं.

शांघाय, तिआनजिन, अमॉय अशी नावं वेगळ्या रंगात वरून छापलेली असतात, कारण नोट ठरावीक शहरातच पूर्ण किमतीला वठत असे. शहराशहरांत चांदीचा भाव वेगळा होता. एकाच चित्राच्या दोन नोटांच्या किमतीत संग्राहकांच्या बाजारात मोठा फरक पडतो तो बहुधा या नावामुळे. म्हणूनच हे नाव खोडून दुसरं छापण्याचे प्रकार होतात. नावाभोवतीचा कागद तिरक्या उजेडात खरवडलेला दिसतो का ते पाहावं.

या काळाचा मुंबईशी काही संबंध आहे का?

आहे. मुंबईत 1853 मध्ये सुरू झालेल्या एका बँकेची पुढे मर्कंटाइल बँक ऑफ इंडिया झाली, आणि तिने शांघायला नोटा काढल्या. 1858 मध्ये मुंबई, कलकत्ता आणि शांघाय इथे शाखा उघडणारी चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना हिनेही शांघायच्या नोटा छापल्या. नोटेवर ‘इंडिया’ वाचून ती भारतीय चलनाची समजण्याची चूक त्यामुळे होते.

जपानच्या ताब्यातल्या भागातल्या नोटांवर कन्फ्यूशियस कसा?

जपानी लष्कराला आपली राजवट परकी वाटू द्यायची नव्हती, म्हणून नोटांवर चीनचेच थोर पुरुष आणले. मांचुकुओ या मांचुरियातल्या जपानधार्जिण्या राज्याच्या नोटांवर कन्फ्यूशियस, मेन्शियस आणि धनदेवता आहेत. 1938 मध्ये बीजिंगला निघालेल्या बँकेच्या नोटांवर कन्फ्यूशियस, पीत सम्राट, युद्धदेव ग्वान यू आणि य्वे फेई. यातला य्वे फेई हा बाराव्या शतकात उत्तरेकडून आलेल्या आक्रमकांशी लढलेला सेनापती. आक्रमकांनी आपल्या नोटेसाठी तोच निवडावा याचा अर्थ चिनी वाचकाला सांगावा लागत नसे.

कोरकांनी गुपचूप केलेला विरोध हा संग्राहकांचा आवडता विषय आहे. वांग चिंग-वेईच्या जपानधार्जिण्या नानजिंग सरकारच्या बँकेच्या नोटांवर किनारीच्या नक्षीत सुटी रोमन अक्षरं लपलेली दाखवतात. सी-जी-डब्ल्यू-आर-एस या अक्षरांचा अर्थ ‘मध्यवर्ती सरकार लवकरच परत येणार’ असा लावला जातो. नक्षीतली कासवंही दाखवतात. चीनमध्ये कासव म्हणणं ही शिवी आहे. अक्षरं भिंगातून दिसतात, त्यांचा अर्थ मात्र संग्राहकांच्या परंपरेतून आलेला आहे. विक्रेता या कथेसाठी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नयेत, कारण या नोटा मोठ्या संख्येने छापल्या गेल्या होत्या.

डॉ. कोटणीस चीनमध्ये होते तेव्हा तिथे कोणत्या नोटा चालत?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले आणि पुढे साम्यवाद्यांच्या ताब्यातल्या शान्शी-चाहार-हपेई या सीमाभागात काम करताना 1942 मध्ये वारले. या भागाची स्वतःची सीमाभाग बँक 1938 पासून नोटा काढत होती. जपानी बँकेच्या नोटा चालू न देणं हा त्यामागचा एक हेतू. अशा तळांवरच्या नोटांचा कागद हलका, छपाई भरड आणि चित्रं शेत, गुरं, इमारती, भिंत अशी साधी असतात. भरड छपाई पाहून त्यांना बनावट ठरवू नये.

पीपल्स बँकेच्या पहिल्या नोटांवर माओ का नाहीत?

पीपल्स बँक ऑफ चायना 1 डिसेंबर 1948 रोजी श-च्याज्वांगला सुरू झाली. आराखड्यात माओंचं चित्र सुचवलं होतं. आपण पक्षाचे अध्यक्ष आहोत, सरकारचे नाही, असं सांगून त्यांनी नकार दिला. म्हणून पहिल्या मालिकेत 12 किमतींच्या 62 प्रकारांत शेतकरी, कारखाने, गाड्या, मेंढ्या, उंट आणि ऐतिहासिक वास्तू आहेत. बँकेचं नाव तुंग पी-वू यांच्या हस्ताक्षरात आहे. 1951 च्या काही नोटांवर मंगोल किंवा उइगुर लिपी आहे. त्या सीमेकडच्या प्रांतांसाठी होत्या, कमी उरल्या आणि आज या मालिकेतल्या सर्वांत महागांपैकी आहेत. अर्थात सर्वाधिक नकलाही त्यांच्याच होतात.

1953 साल असलेल्या छोट्या नोटा आमच्याकडे आहेत. त्या मौल्यवान आहेत का?

एक फेनवर (फेन म्हणजे युआनचा शंभरावा भाग) मालमोटार, दोन फेनवर विमान, पाच फेनवर जहाज: या नोटा अमाप छापल्या आणि 2007 पर्यंत चलनात होत्या. आकडी क्रमांक नसलेल्या, फक्त रोमन आकडे असलेल्या नोटा अगदी स्वस्त मिळतात.

याच दुसऱ्या मालिकेतल्या 3, 5 आणि 10 युआनच्या नोटा मात्र वेगळ्या. त्या सोव्हिएत संघात छापल्या होत्या. संबंध बिघडल्यावर 1964 मध्ये महिन्याभराची मुदत देऊन त्या परत घेतल्या. म्हणून उरल्या कमी. 3 युआनवर चिंगकांग पर्वतातला पूल आहे, 10 वर कामगार आणि शेतकरी. 10 युआनची नोट 210 मिलिमीटर लांब आणि 85 रुंद असते. पट्टीने मोजल्यावर लहान भरली तर पुढे तपासायची गरजच नाही.

तिसऱ्या मालिकेतली ट्रॅक्टर चालवणारी बाई कोण?

एक युआनवरच्या या चित्रामागे चीनची पहिली महिला ट्रॅक्टरचालक म्हणून गाजलेली लिआंग चुन असल्याचं मानलं जातं. दोन युआनवर लेथ कामगार, पाचवर पोलाद कामगार आणि दहावर लोकप्रतिनिधी. सगळ्या माणसांच्या नजरा पुढे आणि हातात काम. चित्रकलेच्या दृष्टीने चिनी नोटांतली ही सर्वांत एकसंध मालिका आहे.

रंगाचा अर्थ लावताना जपून. 1962 च्या एक जिआओच्या (जिआओ म्हणजे युआनचा दहावा भाग) मागे हिरवा रंग होता आणि दोन जिआओही हिरवट. दोन्हींची गफलत होऊ लागली म्हणून हिरव्या पाठीची नोट थांबवली. आज तीच दुर्मीळ आहे. रंगबदल दिसला की त्यात राजकारण शोधण्याआधी अशी व्यवहारातली अडचण होती का ते पाहावं.

1980 च्या नोटांवरचे दोन-दोन चेहरे कोणाचे?

साल 1980 छापलेल्या, पण 1987 पासून निघालेल्या चौथ्या मालिकेत छोट्या किमतींवर वेगवेगळ्या समाजांची जोडी आहे: एक युआनवर तोंग आणि याओ, दोनवर उइगुर आणि यी, पाचवर तिबेटी आणि हुई, दहावर हान आणि मंगोल. 50 वर कामगार, शेतकरी आणि बुद्धिजीवी. 100 वर माओ, चौ एन-लाय, लिऊ शाओ-ची आणि चू त. मागे मंगोल, तिबेटी, उइगुर आणि ज्वांग अशा चार भाषांत बँकेचं नाव आणि किंमत.

1980 च्या 50 आणि 100 मध्ये सुरक्षा धागा नसतो, 1990 च्या नोटांत असतो. 1980 ची 50 बरीच महाग असल्यामुळे 1990 चा आकडा बदलून विकतात. नोट उजेडासमोर धरा. साल 1980 आणि आत धागा, असं असेल तर ती बदललेली आहे.

नोटेवरचं वर्ष कसं वाचायचं?

प्रजासत्ताकाच्या नोटांवर ‘प्रजासत्ताकाचं अमुक वर्ष’ असतं. त्यात 1911 मिळवा. 25 वं वर्ष म्हणजे 1936. शियानफेंगच्या नोटांवर 1850 मिळवा, म्हणजे तिसरं वर्ष 1853. आडवा मजकूर 1949 पूर्वी उजवीकडून डावीकडे जातो. तो उलटा वाचला की 25 चं 52 होतं, आणि अशी ‘1963 ची’ प्रजासत्ताकी नोट अनेक विक्रीपानांवर दिसते. किमतीचे आकडे नेहमी अवघड रूपात असतात, कारण साधा एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन; एक रेघ वाढवून एकाचे दोन करता येऊ नयेत म्हणून.

यमलोकाची नोट खरी असते का?

मुकुटधारी, दाढीवाल्या जेड सम्राटाचं चित्र आणि कोट्यवधींची किंमत असलेली नोट ही पितरांसाठी जाळण्याची आहे. ती चलन कधीच नव्हती. चिनी बँकांत नोटा मोजण्याच्या सरावासाठी छापलेले कागदही भारतात नोटा म्हणून विकले जातात.

बनावट नोट घरी कशी तपासायची?

दहापट भिंग, पट्टी आणि अतिनील दिवा एवढं पुरे.

आधी माप घ्या. मग चेहऱ्याची गालावरची सावली भिंगातून पाहा. कोरीव छपाईत ती सलग रेघांची असते आणि बोटाला उंचवटा लागतो. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छायाप्रत आहे. मग अंधारात अतिनील दिवा लावा. जुना कागद मंद राहतो, नव्या पांढऱ्या कागदातली चमक निळसर पेटते. मिंग नोटेच्या नकलांत कागद चहाने किंवा धुराने रंगवलेला असतो. डाग सगळीकडे सारखा असतो आणि घडीच्या आतही तेवढाच गडद दिसतो. खऱ्या नोटेत घड्या झिजलेल्या आणि शिक्क्याचा लाल रंग तंतूंत मुरलेला दिसतो. नकलेत लाल रंग वर बसलेला असतो आणि कडा फार स्वच्छ असतात.

कोकणासारख्या दमट हवेत या नोटा कशा जपायच्या?

मऊ पीव्हीसीचे पाकीट वापरू नये. ते चिकट होतं आणि शाई ओढतं. पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट घ्यावं, एका पाकिटात एकच नोट. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. पावसाळ्यात त्या पुड्या महिन्यातून एकदा तरी बदलाव्या किंवा तापवून पुन्हा वापराव्या. कसर जुन्या कागदावर आणि खळीवर जगते, म्हणून डबा लाकडी कपाटाच्या तळाशी ठेवू नये. फाटलेल्या जागी चिकटपट्टी कधीही लावू नये; काही वर्षांनी तिचा गोंद पिवळा पडतो आणि काढताना छपाई सोबत येते. लाल शिक्का असलेली नोट पाण्याने पुसू नये, आणि इस्त्रीने घडी काढू नये, कारण दाबाने कोरीव छपाईचा उंचवटा सपाट होतो आणि खरी नोटही तपासणीत संशयास्पद ठरते.